मलम बंद केलं की इसब परत येतो: कुठे कुठे बघायचं

पावसाळा सुरू झाला की गोव्यात फोंड्यातल्या आमच्या औषधाच्या दुकानात एक वाक्य दिवसातून चार-पाच वेळा तरी कानावर येतं. "तेंच मलम दी गो बाये, परत आयलां." हातात शेपटाकडून गुंडाळत आणलेली ट्यूब आणि शेजारी कोपराच्या वळीत कराकरा खाजवणारं मूल. मलम लावलं की तीन-चार दिवसांत लाली उतरते. थांबवलं की आठ-दहा दिवसांत त्याच जागी, त्याच आकारात पुन्हा उमटते. मग लोक म्हणतात, औषध लागू पडत नाही. खरं म्हणजे औषध लागू पडलेलं असतं. आग विझलेली असते, पण जिथून ठिणगी आत येते ते भोक तसंच उघडं असतं.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती चार महिन्यांची असल्यापासून पाचव्या वर्षापर्यंत आम्ही याच फेऱ्यात होतो, आणि मी स्वतः फार्मसी शिकलेली असूनही. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे पाहिलं आहे. कुणी विचारलं की मी ज्या क्रमाने शोधते, त्याच क्रमाने इथे लिहिते.

आधी हा इसबच आहे का?

पावसाळ्यात दुकानात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना इसब नसतोच, नायटा असतो. गोल चट्टा, कडेला उठावदार लाल रेघ, मध्ये जरा साफ, आणि बहुतेक वेळा कमरेला, जांघेत, काखेत. रात्री खाज फार वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरातले दोन-तीन जण एकदम खाजवत असतील तर खरजेचा संशय घ्या. त्यात सगळ्या घराला एकाच वेळी औषध लावावं लागतं, नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. इसबाच्या जागा ठरलेल्या असतात. तान्ह्या बाळाला गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला, मोठ्या मुलाला कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, मनगटाला, मानेवर. शिवाय एरवीही त्वचा कोरडी, खरखरीत असते आणि घरात कुणाला तरी दमा, सततची सर्दी किंवा इसब असतो.

हे ओळखणं डॉक्टरांचं काम आहे. पण नायट्यावर इसबाचं मलम चोळलं तर काय होतं ते मी रोज बघते, म्हणून आधी हेच सांगते.

ट्यूबवर काय लिहिलंय ते वाचा

आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते मिश्र मलम. एकाच ट्यूबमध्ये जोरकस स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि अँटिबायोटिक. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत बसते, म्हणून शेजारीण शेजारणीला तेच सांगते. नायट्यावर ते लावलं की वरची लाली जाते आणि बुरशी आत निवांत पसरते. मग तो नायटा डॉक्टरांनाही सहज ओळखू येत नाही. मुलांच्या कोवळ्या कातडीवर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, आणि थांबवल्यावर पहिल्यापेक्षा जास्त भडका उडतो. 2018 पासून बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. मी देत नाही, लोक रागावून समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

पण याच्या उलट टोकाला जाणारेही तितकेच भेटतात. स्टेरॉइड म्हटलं की हात मागे घेणारे. डॉक्टरांनी मुलाच्या वयाला आणि जागेला साजेसं, सौम्य मलम ठरावीक दिवसांसाठी लिहून दिलं असेल तर ते घाबरत घाबरत, तिळाएवढं, एक दिवसाआड लावू नका. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हे माप लक्षात ठेवा. अर्धवट विझवलेली आग हे आजार परत येण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

भिंत

आता मुख्य गोष्ट. आमच्या आजोळी, सत्तरी तालुक्यात, चिऱ्यांचं घर होतं. भिंतीच्या सांध्यांतली माती पावसाने धुपली की आतून ओल यायची, मग मुंग्या, मग वाळवी. पाऊस लागायच्या आधी आजोबा सांधे भरायचे आणि पावसाच्या बाजूच्या भिंतीवर माडाची झापं बांधून घ्यायचे. वाळवी आल्यावर औषध मारण्यापेक्षा त्यांचा भर त्या सांध्यांवर असायचा.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर अगदी असाच बांधलेला आहे. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे चिरे. त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं, असे स्निग्ध पदार्थ. हा थर कागदाहून पातळ असतो, पण आतलं पाणी आत आणि बाहेरची धूळ, जंतू, परागकण बाहेर ठेवण्याचं काम तोच करतो. फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन या चिऱ्यांना घट्ट करतं, आणि ते मोडून जे घटक तयार होतात ते त्वचेत ओलावा धरून ठेवतात. काहींच्या जनुकांतच या प्रथिनाची उणीव असते. फिलाग्रिनच्या जनुकातला दोष आणि इसब यांचं नातं 2006 साली उघड झालं, आणि तेव्हापासून या आजाराकडे बघण्याची दिशाच बदलली. त्याआधी सगळे म्हणत, शरीरात अ‍ॅलर्जी आहे म्हणून कातडी बिघडते. आता कळलं की बऱ्याच मुलांत कातडी आधी गळते आणि अ‍ॅलर्जी त्या वाटेने आत येते.

म्हणून लाली गेली की काम संपलं, असं नाही. लाली गेलेल्या जागेची भिंत अजून कच्चीच असते. हात फिरवून बघा, डोळ्यांना साफ दिसणारी जागा बोटांना खरखरीत लागते. माझ्या मुलीच्या बाबतीत मी डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं आणि रोज रात्री ती झोपल्यावर तिच्या कोपराच्या आत बोटाचं टोक फिरवायला लागले, तेव्हा कुठे पुढचा भडका दोन दिवस आधी कळायला लागला.

न्हाणीत काय होतं?

आमच्या सासरी न्हाणीत अजून भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, आहे. चुलीवर तापलेलं पाणी, तांब्या-तांब्याने बाळाच्या अंगावर. बाळ लालबुंद होतं आणि सगळे म्हणतात, बघ कसं टवटवीत झालं. ते लाल होणं चांगलं नाही. कढत पाणी त्या सांध्यांतला चुनाच धुऊन नेतं. कोपर बुडवून कोमट लागेल इतकंच पाणी, पाच ते दहा मिनिटं, पुरे.

साबणाचंही तेच. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (pH) साधारण 5. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू 9 ते 10. एवढी उडी घेतली की कातडीतली डागडुजी करणारी यंत्रणा बिघडते आणि स्टॅफ नावाचे जंतू, जे इसब चिघळवतात, त्यांना मोकळं रान मिळतं. साबण नसलेला सौम्य क्लिन्झर वापरा, तोही काखा, जांघा, पाय आणि मळलेल्या भागांपुरता. बाकी अंगाला नुसतं पाणी चालतं. लुफा, वजरी, खसाखसा घासणं बंद.

बेसन, मसूर डाळीचं पीठ, साय, हळद यांचं उटणं बाळाला लावायची आपली रीत आहे. ज्या हातांनी ते लावलं जातं त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझ्या सासूबाईंनीही लावलं आणि मीही लावू दिलं. पण फुटलेल्या कातडीवर खाण्याची वस्तू चोळू नका. याचं कारण पुढे सांगते, ते फार महत्त्वाचं आहे.

किती लावता?

"मॉइश्चरायझर लावता का?" "हो, रोज." "ट्यूब किती दिवस पुरते?" "दीड-दोन महिने." पन्नास ग्रॅमची ट्यूब दीड महिना पुरत असेल तर ते लावणं नव्हे, दाखवणं झालं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलांसाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम सांगितलं आहे. आपल्याकडच्या किमती बघता एवढं कुणाला परवडणार, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच महागड्या, वासाच्या, गुलाबी झाकणाच्या बाटलीऐवजी साधं, बिनवासाचं, मोठ्या डब्यातलं क्रीम घ्या. पेट्रोलियम जेलीही उत्तम काम करते आणि स्वस्त पडते. फक्त आपल्या मे-जूनच्या उकाड्यात ती अंगभर थापली की घामोळं उठतं. त्या दिवसांत हलकं क्रीम आणि नाताळच्या सुमारास, हवा जराशी कोरडी झाली की जेली, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

आंघोळीनंतर पंचाने टिपून, अंग अजून ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावायचं. केसांच्या दिशेने, न चोळता. संध्याकाळी पुन्हा एकदा. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर डब्यातच जंतू वाढतात. आणि एक धोक्याची सूचना: पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिन असलेलं क्रीम कपड्यांत मुरलं की तो कपडा लवकर पेट घेतो. दिवाळीत, देवघरातल्या समईजवळ, फटाक्यांच्या वेळी मुलांना क्रीम न लागलेले कपडे घाला.

खोबरेल तेल चालेल का, हा प्रश्न गोव्यात तरी दर घरातून येतो. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या मुलांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. तेव्हा सौम्य कोरडेपणाला शुद्ध, बिनवासाचं खोबरेल वापरायला हरकत नाही. ऑलिव्ह तेलाचं मात्र उलट आहे. त्यातलं ओलेइक आम्ल ही भिंत सैल करतं, आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात ते मोठ्या माणसांच्या त्वचेवर मोजूनही दिसलं. परदेशी आहे, महाग आहे, म्हणून बाळाला बरं, असं नाही.

दर वर्षी त्याच आठवड्यात

हे शोधायला मला तीन वर्षं लागली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी खाज वाढलेल्या दिवसाला पेन्सिलने फुली मारायचे. तीन वर्षांची कॅलेंडरं शेजारी ठेवली आणि दिसलं की फुल्यांचा सगळ्यात दाट झुबका गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यात पडतो.

त्या आठवड्यात आपण काय करतो? माळ्यावरून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधायची, चौकट खाली येते, जुनी गाठोडी सुटतात, वर्षभराच्या गाद्या आणि चादरी पाहुण्यांसाठी निघतात, जळमटं निघतात, आणि नवे कपडे न धुता थेट अंगावर चढतात. त्याआधी अडीच महिने ऊन नसल्याने सगळं दमट. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, माइट्स, दमट हवेत जोमाने वाढतात. त्यांच्या विष्ठेतली पाचक द्रव्यं त्वचेच्या पेशींना धरून ठेवणारे दुवेच कुरतडतात. म्हणजे ते नुसते पाहुणे नाहीत, भिंत खणणारे आहेत.

उपाय साधे आहेत, पण करावे लागतात. साफसफाईच्या दिवशी मुलाला आजोळी पाठवा. जमिनीवर कोरडा झाडू मारण्याआधी ओलं फडकं फिरवा. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात धुवा, थंड पाण्यात माइट्स मरत नाहीत. पावसाळ्यात दोरीवर तीन दिवस आंबट वासात वाळलेले कपडे मुलाच्या अंगाला लागण्यापूर्वी इस्त्री करा. साबणाचा अंश राहू नये म्हणून एकदा जास्त खळबळा. भिंतीवर बुरशीचे काळे ठिपके आले असतील तर आधी ओल थांबवा, रंग नंतर. घामाने खाज सुटत असेल तर शाळेतून आल्यावर लगेच साध्या पाण्याने अंग धुऊन पुन्हा क्रीम. आणि नखं कापा, दर रविवारी, न चुकता.

ज्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, म्हणजे दर वेळी तोच कोपर, तोच गुडघा, त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ कधीकधी लाली गेल्यावरही आठवड्यातून दोनदा त्या जागी तेच औषधी मलम लावायला सांगतात. परत परत येणाऱ्या इसबावर हा मान्य उपाय आहे. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा, स्वतःहून सुरू करू नका.

खाण्यावर बोट ठेवण्याआधी

गोव्यात इसब म्हटलं की पहिली कुऱ्हाड माशांवर पडते. सुंगटं (कोळंबी) बंद, अंडं बंद, शेंगदाणे बंद, अंगावर पाजणाऱ्या आईचंही सगळं बंद. आम्हीही शेजारपाजारच्या सांगण्यावरून सहा महिने तेच केलं. मुलगी हडकली, खाज तशीच राहिली.

इथेच ती बेसनाची गोष्ट येते. 2003 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की ज्या बाळांच्या पुरळ उठलेल्या त्वचेवर शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावली होती, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त होती. 2008 साली ब्रिटनमधले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी यावरून एक मांडणी केली: अन्नाची पहिली ओळख तोंडातून, आतड्यातून झाली तर शरीर त्याला आपलं मानतं, फुटलेल्या कातडीतून झाली तर शत्रू मानतं. जपानमध्ये तर मोठ्या माणसांतही हे घडलं. गव्हाचं विघटित प्रथिन घातलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. आयुष्यभर नूडल्स खाल्लेली माणसं ती.

मग 2015 साली लॅक यांच्याच गटाची लीप (LEAP) नावाची चाचणी आली. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 640 बाळं. सुरुवातीच्या तपासणीत ज्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी दिसली नव्हती, त्यांच्यापैकी शेंगदाणा टाळलेल्यांत पाचव्या वर्षी 13.7 टक्क्यांना अ‍ॅलर्जी होती. लहानपणापासून नियमित खाल्लेल्यांत 1.9 टक्क्यांना. टाळल्याने संरक्षण मिळत नव्हतं, उलट होत होतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. मूल एखादी गोष्ट खाऊन आजवर ठणठणीत असेल तर निव्वळ इसबासाठी ती बंद करू नका. महिनोन्‌महिने बंद ठेवून पुन्हा दिल्यावर कधीकधी खरी, जोरदार रिअ‍ॅक्शन येते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या झाल्या, तर तो वेगळा विषय. तिथे तपासणी हवीच. सुंगटांबद्दल एक गोष्ट खरी आहे. सुंगटांत आणि धुळीतल्या माइट्समध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं जवळजवळ सारखं प्रथिन असतं, त्यामुळे माइट्सची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना सुंगटंही सोसत नाहीत. काहींनाच. आणि ज्या बायांच्या बोटांना भेगा आहेत त्यांनी सुंगटं सोलताना हातमोजे घाला, आणि बाळाला क्रीम लावण्याआधी हात धुवा. मासळीचा, अंड्याचा, शेंगदाण्याच्या कुटाचा हात थेट बाळाच्या लाल गालावर नको.

घरात नवं बाळ येणार असेल तर

माझी भावजय सात महिन्यांची गरोदर आहे. तिने विचारलं, "वन्सं, पहिल्या दिवसापासून क्रीम लावलं तर माझ्या बाळाला हे होणारच नाही ना?" तिला जे सांगितलं तेच लिहिते. 2020 साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. ब्रिटनमध्ये घरात अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेली 1394 बाळं, नॉर्वे-स्वीडनमध्ये 2397 बाळं. सरसकट क्रीम किंवा आंघोळीचं तेल वापरून इसब टळला नाही, आणि ब्रिटनच्या चाचणीत त्वचेचे जंतुसंसर्ग थोडे वाढलेले दिसले. 2025 साली अमेरिकेतल्या एका चाचणीत मात्र रोजच्या क्रीमचा थोडा फायदा दिसला. म्हणजे क्रीम हे काही लस टोचल्यासारखं कवच नव्हे.

जास्त आशा मला वाटते ती लवकर उपचारांतून. जपानमध्ये 2023 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसब सुरू झालेल्या 650 तान्ह्या बाळांपैकी निम्म्यांना लाली पूर्ण जाईपर्यंत आणि नंतरही नेमाने उपचार केले. त्यांच्यात अंड्याची अ‍ॅलर्जी 31.4 टक्के, नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांत 41.9 टक्के. त्या जोरकस उपचारांनी बाळांचं वजन आणि उंची मात्र थोडी कमी भरली, म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचं नाही.

भावजयीला म्हटलं, कढत पाणी आणि उटणं नको, कोरडं वाटलं तर साधं क्रीम लाव, आणि गालावर पहिला लाल खरखरीत चट्टा दिसला की "दात येतायत, उष्णता असेल" म्हणत दोन महिने घालवू नको, त्याच आठवड्यात दाखव. सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू झालं की पूर्ण शिजलेलं अंडं, पातळ केलेला शेंगदाण्याचा कूट, मासे उगाच लांबवू नको. अख्खा शेंगदाणा कधीच नको, तो घशात अडकतो. चट्टे तीव्र असतील तर अंडं आणि शेंगदाणा पहिल्यांदा देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचार.

डॉक्टरांकडे जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी रिकाम्या सुद्धा, पिशवीत घालून न्या. भडका असतानाचे फोटो मोबाइलवर ठेवा, कारण नेमका भेटीच्या दिवशी तो बसलेला असतो. पिवळी खपली, पू, ताप, किंवा एकसारख्या आकाराचे, मध्ये खळगा असलेले दुखरे फोड अचानक दिसले तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी जा. आणि काही खाल्ल्यावर श्वास अडकला, आवाज घोगरा झाला, मूल गळून गेलं, तर मलम, हळद, काढा काही शोधत बसू नका. 108 लावा.